बबीच्या खोलीतली हवा

सोमवार, ४ मे

पोचले एकदाची! आणि काय सांगू, मला स्वतःची खोली मिळाली आहे, आतून कडी असलेली. ती लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावून पाहिली. आमच्या घरी दाराला पडदा आहे आणि पडद्याआड सगळं घरदार झोपतं. खोलीत एकटीने झोपणं मला आजवर ऐकूनच माहीत होतं.

नोकरीचं नीट लिहून ठेवते, म्हणजे फोनवर आईला क्रमाने सांगता येईल. जुन्या घरांना एसी बसवून देणारं एक छोटं दुकान आहे, तिथे मी उमेदवार म्हणून लागले आहे. नव्या इमारतींत गार हवा फिरवायला छतामागून पत्र्याच्या वाटा आधीच काढलेल्या असतात. जुन्या घरांत त्या नसतात आणि काढायला जागाही नसते. मग खोलीत एक यंत्र, भिंतीबाहेर दुसरं, आणि भिंतीला भोक पाडून दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या. मोजमाप आणि देखरेख माझी, हत्यारं उस्तादांची. उस्ताद म्हणजे आमचे जुने फिटर. मला ते ‘डिप्लोमा’ म्हणतात. आल्या आल्या मी जिन्याजवळची भिंत परत एकदा मोजली, तर म्हणाले, अहो डिप्लोमा, ती भिंत आहे, शेळी नाही, कुठे पळून जात नाही. मला हसू आलं, पण मापाची खात्री झाल्यावरच.

घर दगडी, दुमजली, भिंती हातभर जाड. गावापासून लांब आहे म्हणून काम संपेपर्यंत मी इथेच राहायचं, उस्ताद मोटारसायकलवरून ये-जा करतील. घरात काका आणि काकू, दोघंच. काका बोलके आहेत, स्वतः चहा करून दिला. काकू खाली आल्या नाहीत. वरून सारखा सप्-सप् असा एका लयीतला आवाज येत होता. वाटलं, झाडलोट चालली असेल. पण इतका वेळ कोण झाडतं?

मंगळवार, ५ मे

ती झाडलोट नव्हती.

यंत्र किती ताकदीचं लागेल हे ठरवताना आम्ही खोलीचं माप घेतो, उन्हाची बाजू बघतो आणि विचारतो, इथे किती माणसं झोपतात? माणसाचं अंगही खोली तापवतं, म्हणून. वरच्या मधल्या खोलीत गेले तर काकू लोखंडी खाटेशेजारी स्टुलावर बसून वेताच्या पंख्याने वारा घालत होत्या. खाटेवर धुतलेली चादर, उशी, आणि कुणीही नाही. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या हात न थांबवता म्हणाल्या, एकच गं, आमची बबी.

काकांनी जिन्यात गाठून सांगितलं. बबी म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. गेल्या उन्हाळ्यात ह्याच खोलीत गेली. उकाड्याने, म्हणाले. ती एसी मागत होती आणि आपल्या वडिलांनी बांधलेल्या भिंतीला भोक पाडायला हे तयार नव्हते. तेव्हापासून काकू इथे बसून वारा घालतात. जेवण घासभर, झोप बसल्या बसल्या. उजवा हात खांद्यापासून सुजला की डाव्याने. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं आहे की असंच चाललं तर बाई हा उन्हाळा काढायच्या नाहीत. काका म्हणाले, पोरी, तुझं यंत्र तिच्या हातून पंखा घेईल का, एवढंच बघ.

मी हिशेबात एक माणूस धरलं. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, पण डिप्लोमा म्हणाले नाहीत.

बुधवार, ६ मे

भोक पाडून झालं. आतून दगड असा निघाला की उस्तादांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

ह्या खोलीला खिडकी नाही. एकच भिंत बाहेरची, आणि तिच्यात छताजवळ एक झरोका, लाकडी झडपेचा. असा झरोका उघडा राहिला तर गार हवा तिथून निघून जाते, म्हणून तो बुजवायचा असतो. उस्ताद म्हणाले, थोडा फोम भरा, काम भागतं. मला ते पटेना. उद्या फोम सुटला तर बोल कुणाला? गवंड्याला बोलावलं, झडप काढून दगड आणि सिमेंटने झरोका पक्का बंद करून घेतला. माल कमी टाकू नका म्हणून दोनदा बजावलं. गवंडी म्हणाला, ताई, धरण बांधतोय का आपण?

काकू सगळं बघत होत्या. हे बंद का, असं त्यांनी विचारलं. मी कौतुकाने समजावलं की हे यंत्र बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत सोडतं. त्यांनी बुजलेल्या झरोक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, मग तिनं श्वास कुठला घ्यायचा?

मी म्हटलं, दाराखालच्या फटीतून येते की, तेवढी पुरते. असं सगळ्यांनाच सांगतो आम्ही. संध्याकाळी दाराखाली रबराची पट्टीही मीच बसवली.

गुरुवार, ७ मे

आज यंत्र सुरू केलं. घरात सण असल्यासारखं वाटत होतं!

काकूंनी आधी चादरीवर हात ठेवला. मग उशीवर. मग हात उलटा करून, तापातल्या लेकराचं कपाळ बघावं तसा, उशीच्या वर हवेत धरला. बराच वेळ. आणि पंखा खाली ठेवला. गार झाली हो, असं त्या काकांना म्हणाल्या. उस्ताद नळ्या बघायच्या निमित्ताने बाहेर गेले ते नाक पुसतच परत आले.

काकू खाली उतरल्या. वरणभात मागून घेतला, दुसऱ्यांदाही घेतला आणि खालच्या आपल्या खोलीत आडव्या झाल्या. काका मोरीत नळ सोडून रडले, आवाज झाकायला. मला तो ऐकू आला हे त्यांना कळू नये म्हणून मी अंगणात जाऊन आईला फोन लावला. तिला म्हटलं, आज माझ्यामुळे एक बाई झोपली. आई म्हणाली, एवढं शिकलीस त्याचं चीज झालं.

शुक्रवार, ८ मे

काकू अजून झोपूनच आहेत. साठलेली झोप असेल. पण झोपेत मासळीसारखं तोंड उघडतात, मिटतात.

वरच्या खोलीचं दार बंदच आहे, यंत्र चालू. एसी हवेतला ओलावा ओढतो आणि त्याचं पाणी नळीने बाहेर टाकतो. बंद, रिकाम्या खोलीतला ओलावा थोड्या वेळात संपतो, पाणी थांबतं. आत माणूस असेल तरच त्याच्या श्वासातून नवा येत राहतो. नळीखाली मी बादली ठेवली होती. ती भरून वाहत होती. रिकामी केली, पुन्हा भरली. उस्ताद म्हणाले, कुठून तरी बाहेरची हवा शिरत असेल. आम्ही दाराची पट्टी पाहिली, नळ्यांभोवतीचा भराव पाहिला, झरोक्यावर हात फिरवला. कुठे सुईला वाट नाही. काम चोख झालं आहे.

निघताना खाटेकडे लक्ष गेलं. उशाकडचा लोखंडी दांडा गार पडला होता आणि त्यावर एक वाफेचा डाग होता, आरशावर फुंकर घातल्यावर उमटतो तसा. विरला. पुन्हा उमटला. पुन्हा विरला.

उस्तादांनाही दिसला. ते हत्यारं गोळा करायला लागले आणि पाना पिशवीत जाईना, दोनदा खाली पडला.

शनिवार, ९ मे

काकूंना धाप लागली आहे. ओठ निळसर. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले छाती स्वच्छ आहे, आवाज साफ आहे, कारण कळत नाही. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. उचलून बाहेरच्या दारापर्यंत नेलं तर काकू गुदमरायला लागल्या, परत आणावं लागलं.

मी काकांना वाफेच्या डागाचं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते भिंतीला टेकून खालीच बसले आणि खरं काय ते सांगून टाकलं.

बबी उकाड्याने गेली नव्हती. तिची छाती लहानपणापासून अधू होती. त्या दिवशी बाहेर वणव्यासारखा वारा सुटला होता, म्हणून काकांनी झरोक्याची झडप लावून घेतली, दार ओढून घेतलं. तिने झडप उघडा म्हटलं होतं. ते म्हणाले, झळ आत येईल बाळा, पड जरा. दोघं खाली जेवायला बसली. लोक उकाड्याने म्हणाले, ह्यांनी म्हणू दिलं.

म्हणजे काकू तिला गारवा देतच नव्हत्या. झडप नंतर त्यांनीच उघडली होती, आणि तिथून येणारी हवा पंख्याने तिच्यापर्यंत पोचवत होत्या. सगळं वर्ष.

आणि मी झरोका चिणून टाकला. माल कमी टाकू नका म्हणाले.

यंत्र बंद केलं, दार सताड उघडलं. उपयोग नाही. डाग तसाच, आता भराभर उमटतो. काकू खालून तुटक तुटक म्हणाल्या की दाराचं काय घेऊन बसलात, त्या दिवशी तिला दारापर्यंत जाता आलं नव्हतं.

छिन्नी घेऊन मी आणि उस्ताद दुपारभर झरोक्याशी झगडलो. कपचीसुद्धा निघाली नाही. गवंडी दुसऱ्या गावी कामावर आहे, मशीन घेऊन उद्या दुपारी येतो म्हणाला.

तेवढ्यात काका जाऊन खाटेशेजारी बसले. नुसते बसले, उशीजवळ तोंड नेऊन, तिच्याशी काहीबाही बोलत. आणि खाली काकूंचा श्वास मोकळा झाला. पाणी मागितलं त्यांनी.

तिला श्वासासाठी जवळ कुणी लागतं. कुणी नसलं की ती आईकडून घेते.

पण काका उठले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. दोन पायऱ्या उतरले आणि कोसळले.

रविवार, १० मे, सकाळ

काकांना उस्ताद गाडी करून दवाखान्यात घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, तुम्हीही बसा गाडीत. दुकान गेलं खड्ड्यात. पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

मग काकूंजवळ कोण? शेजार नाही. आणि तो माल मी टाकायला लावला होता.

मी वर आले आहे. खाटेशेजारी स्टूल आहे, त्यावर. दुपारपर्यंतच.

भीती वाटेल असं काही दिसत नाही. चादरीला सुरकुतीही नाही. फक्त डाग — आणि मी टेकले तसा तो हळूहळू शांत झाला. रडून दमलेलं पोर पदर सापडल्यावर होतं तसा. मी तिला म्हटलं, बबीताई, मी आहे. मोठीच असणार ती माझ्याहून.

खालून काकूंचं घोरणं येतंय. छान, जड घोरणं.

रविवार, जरा वेळाने

कळलं ते कसं चालतं. मी श्वास सोडला की ती घेते. ती सोडते, मग मी घ्यायचा. पाळीपाळीने. आधी तिची पाळी छोटी होती. आता — जरा लांबते आहे. तिचा दोष नाही. वर्षभराची भूक आहे.

अक्षर वाकडं येतंय. लिहिलं की घाई होत नाही. म्हणून लिहिते.

आईला फोन लावला. लागला. बोलायला पुरेल एवढा श्वास नव्हता माझ्याकडे — ती हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, रेंज नाही वाटतं पोरीला — आणि ठेवला.

रविवार, दुपार

उठून बघितलं. दारापर्यंत — जमलं नाही. पाय नाहीत असं नाही. दार फार लांब आहे.

असंच झालं असेल तिला.

तिला तसं म्हटलं. डाग थांबला. बराच वेळ थांबला. ऐकत असावी. मग दांड्यावर — मोठा, मोठा — माझ्या बाजूला.

रडते आहे का —

काकू उठल्या. खाली भांड्यांचा आवाज. मला हाक मारतात, काय खाणार पोरी. आवाज खणखणीत. बरं वाटलं. फार बरं —

रविवार

मोटार थांबली. गवंडी. ताई कुठे आहे म्हणून विचारतोय.

बाहेरून मशीन लागलं. भिंत थरथरते. पांढरी धूळ उशीवर. बबीताई, आलं बघ — आलंच —

मी सोडला. ती घेते आहे.

आता माझी पाळी —

अजून घेतेच आहे —

झरोक्यात उजेडाचा ठिपका. केवढा छान. ताई, आता तिथून घे ना — तिथून — माझ्या