पाठ टेकली तरी

आबा,

काल घरी आले तवा तुमी तोंड फिरवलं, म्हणून लिहून ठेवतेय. बारामतीच्या स्पर्धेत माझी पाठ मॅटला टेकली आन् तुमी उठून सरळ इंदापूरची एसटी धरली. आवो, तुमच्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, पण माझ्या जिउ-जित्सूत न्हाय! खाली पडूनच मी समोरच्या पोरीचा हात पायांच्या कैचीत धरला. तिनं मॅटवर थापा मारून हार कबूल केली. पहिला नंबर आला माझा!

पडल्यावर आता भ्या वाटत न्हाय मला, उलट डोकं चालाय लागतं.

कॉलेजला चाललेय. भाकरी झाकून ठेवलीय. पदक तुमच्या फेट्याच्या खुंटीला हाय.

म्होरल्या येळी माझी पाठ टेकली तरी उठू नगा, आबा. माझी लढत तितनंच सुरू होते.

स्वप्नाली