डाव्या कानाची चौकशी

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (एका हाताने. दुसरा कुठे आहे ते पुढे कळेल.) तुझी तब्येत विचारत नाही, कारण उत्तर पाठ आहे: सगळं ठीक, फक्त डावा कान गेला. तो गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कानाच्या डॉक्टरकडे जायलाही तयार नाहीस, कारण म्हणे तुझ्या हेडफोनपेक्षा बारीक मोजमाप त्याच्याकडे असणं शक्य नाही. जन्मभर दुसऱ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र परस्पर मोडीत काढलं. वर स्वतःच्या हातांनी बनवलेला तो हेडफोन, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याची वीजपेटी माझ्याकडे पाठवून चिठ्ठी काय, तर 'मला आता उपयोग नाही, भंगारात दे.'

दिलं नाही. पेटी उघडली तर आतले कपॅसिटर फुगून बसलेले, लग्नाला न बोलावलेल्या नातेवाइकांसारखे. म्हटलं, नवीच बांधू. (साधा हेडफोन चिमूटभर विजेवर गातो. तुझ्या लाडक्याचा तो श्वासाहून पातळ पडदा मात्र शेकडो व्होल्टचा भार अंगावर घेतल्याशिवाय थरथरायचा नाही. असले नखरे आपल्या घराण्याला नवे नाहीत.) फक्त भार देणारा जुना तुकडा तेवढा तसाच उचलून नव्या पेटीत बसवला. तुझं सोल्डरिंग इतकं देखणं आहे की मोडवेना.

तूच शिकवलेला नियम पाळला: चालू पेटीत एकच हात घालायचा, दुसरा कमरेवर, म्हणजे वीज या हातातून शिरून छाती ओलांडून त्या हाताने बाहेर पडत नाही. आता तो डावा हात कमरेवरून उतरायलाच तयार नाही. दारात जाते तरी कमरेवर, जिन्यात भेटलं कुणी तरी कमरेवर. परिणाम असा की खालच्या शिंप्याने मी तोंड उघडायच्या आत ब्लाउज उसवून पुन्हा मापात शिवून दिला, आणि आमचे हे ओले टॉवेल पलंगावरून आपणहून उचलू लागले. इतकी वर्षं मी तोंडाने बोलत होते, नुसता हात पुरला असता.

पहिल्यांदा वीज देताना मध्ये साधा पिवळा दिवा जोडला. (तुला माहीत आहे, पण यांना समजावून सांगावं लागलं: दिवा पेटून लगेच मंदावला तर पेटी ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी घोळ.) राहिला. अख्खं जेवणाचं टेबल सोनेरी झालं. मी कपाळाला हात लावला, म्हणजे मोकळा होता तो, आणि हे पेपर घेऊन दिव्याखाली सरकले. "दुरुस्त नको करू इतक्यात," म्हणाले, "उजेड झकास आहे." एक डायोड उलटा बसला होता. तो सुलटा केल्यावर दिवा मंदावला आणि यांचा चेहराही.

खरं सांगू, मला सगळ्यात आवडली ती पेटी बंद केल्यानंतरची वेळ. बंद केली तरी आत भार उरतोच, तो उतरेपर्यंत हात लावायचा नाही. मग बसायचं. मीटरवरचे आकडे दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखे जिना उतरत असतात, एकेका पायरीवर थांबत. खिडकीचा पडदा फुगतो, निवतो. कुठेतरी कुणीतरी चादर झटकतं. मला कुणाबद्दल वाईट बोलायचंसुद्धा सुचत नाही, यावरून काय ते समज.

भार मोजला तर कमी भरला, डावीकडे तर फारच. पण ही वीज इतकी हळवी की मीटर लावला की त्याच्याच वजनाने खाली बसते, म्हणून सोडून दिलं. तुझी ती व्हायोलिनची टेप लावली आणि हेडफोन चढवला. उजवीकडे एक अख्खी खोली उघडली रे. वादक बसतो, खुर्ची किंचित कुरकुरते, तो श्वास घेतो आणि ती खोली त्याच्याबरोबर श्वास घेते. आणि डावीकडे? भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या घरात चाललेलं काहीतरी. वाटलं, आता माझी पाळी, घराण्याचाच कान गेला.

यांना काही सांगितलं नाही, नुसता हेडफोन दिला. ज्या माणसाला स्वेटरची पुढची बाजू अजून ओळखता येत नाही, त्याने तो साहजिकच उलटा घातला. थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. उजव्या कानात मात्र काही येत नाही."

दादा, तू हा हेडफोन एकदा तरी उलटा घालून पाहिलास का? नाही. डावं ते डावं, व्हायोलिन चुकीच्या बाजूला बसेल, असला अधर्म तुझ्या हातून होणार नाही. त्यापेक्षा कान गेलेला बरा.

तुझ्या त्या देखण्या तुकड्यात डाव्या बाजूचा एक रेझिस्टर होता, तो खालून तडकलेला निघाला. बदलला. डावीकडची भिंतही उघडली. तुझा कान निर्दोष आहे. पेटी मी पाठवणार नाही, ती घ्यायला तूच ये, आणि वहिनीला आण.

तुझी,
धाकटी

ता. क. रविवारी सकाळी फोन करीन. उचल, आणि डाव्या कानाला लाव.

ता. क. दुसरा. वहिनीला यातलं काही बोललेले नाही. ती परवाच सांगत होती, तुझा कान गेल्यापासून ती मुद्दाम डाव्या बाजूला बसते आणि मनात येईल ते निवांत पुटपुटते. झाडं सुकलीत म्हणाली की तू उठून पाणी घालतोस, पाय दुखतात म्हणाली की उशी आणून देतोस. "किती मनकवडे झालेत हल्ली," म्हणाली, आणि लाजली रे ती, या वयात. तेव्हा तिच्यापुरता तो कान गेलेलाच राहू दे. माझ्याबद्दल काय काय पुटपुटते, तेवढं मात्र रविवारी सांग. हळू बोललास तरी चालेल. घराण्याचा कान शाबूत आहे.