मागं उभी केलेली दोन माणसं

उस्ताद, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रुसून आहे, हे आधी सांगून टाकतो. वाळूजच्या आपल्या जुन्या कारखान्यात गेल्या आठवड्यात जाणं झालं. आता मला तिथं खुर्ची देतात. बजाजनगरात माझं फोर्कलिफ्ट शिकवायचं केंद्र आहे, आणि माझ्या सहीचा कागद असल्याशिवाय आसपासच्या बऱ्याच कंपन्या कुणाला सीटवर बसू देत नाहीत. या कारखान्यानंही तोच नियम केलाय. जुना असो की नवा, परीक्षा द्यायची. नापास झाला की मशीन सोडून पॅकिंगला. मी फळ्यापाशी उभा, आणि मागच्या बाकावर बघतो तर तुमचा लाडका. केस पिकलेत, पण अजून वहीचं पान उघडलं की आधी तारीख टाकतो. माझ्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

आम्ही दोघं एकाच महिन्यात तुमच्या हाताखाली आलो. मशीनवर हात माझाच साफ होता, हे तुम्हीही नाकारणार नाही. तरी लेकीच्या लग्नाला आठ दिवस रजेवर निघताना तुम्ही गळ्यातली मशीनची चावी काढून त्याच्या गळ्यात घातली. कारण मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर खेकसतोय, आणि साच्यांची पेटी उचलताना मशीनची मागची चाकं जमीन सोडायला लागलेली. सीटवर तुमचा लाडका होता; तो खाली उतरला, म्हणाला, पेटी उघडू, दोन फेऱ्या करू. मी त्याला बाजूला सारून सीटवर बसलो, दोन दांडगे हमाल मागं वजन म्हणून उभे केले आणि पेटी ट्रकात ठेवली. सगळेच तसं करायचे. लोक वाहवा म्हणतात न म्हणतात तोच तुम्ही आलात. "मागून उठायली म्हणजे मशीन नाय म्हणायली. तू माणसं चढवून तिचं तोंड दाबायलास व्हय रे? पाय घसरून चाकाखाली गेला, तर त्याच्या बायकोला सांगायला तू जातोस का?" बोलणं मी हसण्यावारी नेलं. चावी नाही नेता आली. टपरीवर माझ्या पाठीमागं कुणीतरी म्हणालं, "उस्तादाचा खरा चेला एकच." माझे कान तिखट आहेत, असं तुम्हीच म्हणायचात. अशा कानांना सुट्टी नसते.

म्हणून त्याच्या परीक्षेला मी खोक्यांच्या खाली लोखंडी साचे ठेवले. मशीनच्या ताकदीपेक्षा भार थोडासाच जास्त. बाकी कुणाला असा भार दिला नव्हता. तो मशीनचे काटे भाराखाली घालतो, वीतभर उचलतो, मागची चाकं हलकी होतात. तिथला सुपरवायझर नवा, घाईचा. "अय, दोघं मागं उभे ऱ्हा रे, टेकतंय ते!" दोन पोरं धावलीसुद्धा. मी त्यांना अडवलं नाही. मला वाटत होतं, आता नोकरीच्या भीतीनं हा हो म्हणेल. एकदा तरी म्हणावं, उस्ताद, म्हणजे आम्ही बरोबरीचे होऊ.

त्यानं भार खाली टेकवला, मशीन बंद केली, उतरला. "उतरा रे बाबांनो. भार लई झाला, साहेब. अर्धा काढा, दोन फेऱ्या करतो."

"आन् येळ गेला तर?" सुपरवायझर चिडला.

"जाऊ द्या की. ह्या साहेबांनाच इचारा. आम्ही दोघं एकाच उस्तादाचे, दोघांनाबी हेच शिकवलंय."

सगळे माझ्याकडं वळले. मी मान डोलावली, आणि उरलेला तास तुमचंच बोलणं माझं म्हणून पोरांना समजावलं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं, हसत. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी काही हाती आलं असतं.

त्याला पास केलं. नापास करायला जागाच नव्हती. शंभरातले दोन मार्क मात्र कापले. कारणाचा रकाना भरावा लागतो, म्हणून लिहिलं: वळणावर हॉर्न दिला नाही. दिला होता, उस्ताद. मी ऐकला होता.