गाणं संपल्यावरचं नाव

४ मार्च

त्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते. नळाला पाणी आलेलं, दोन कळश्या भरायच्या राहिलेल्या. ह्यांचा फोन आला, पण हात पिठाचे होते. मग ह्यांनी बोलून निरोप पाठवला : ‘शकु, कोथिंबीर आणू का गं? नंतर म्हणशील, विचारलं नाही.’ हे बाजारातच कोसळले आणि गेले. दोन वर्षं झाली. ते सात सेकंद मी रोज ऐकते.

आजही ऐकले आणि घाटकोपरहून बस धरून मुलुंडला नव्या कामावर गेले. मिहिरभाईंचा ग्रामोफोन हे दुरुस्त करायचे, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीच्या लाखेच्या चारशे तबकड्या आहेत. कित्येकींवर गाणारीचं नाव नाही. ते मी शोधायचं. शाळा सातवीत सुटली, बाकी वाचनालयाने शिकवलं. पण कान तिखट, असं हे म्हणायचे. मिहिरभाई म्हणाले, मावशी, तबकडी फुटली तर रडायचं काम माझं, तुम्ही चहा घ्यायचा. खूप दिवसांनी हसले.

६ मार्च

युक्ती कळली. तेव्हा तबकड्या परदेशात छापायच्या. तिथल्या माणसांना नाव कळावं म्हणून गाणं संपताच गाणारी स्वतःच नाव सांगायची. शेवटच्या रेघांत कान लावून बसायचं, ऐकलेलं रजिस्टरमध्ये लिहायचं, शेजारी आपली सही.

माझ्याआधीच्या बाईंचं अक्षर सुरेख आहे. सहीची जागा मात्र सगळीकडे कोरी. त्यांचं नाव विचारलं. मिहिरभाई डोकं खाजवत म्हणाले, अहो, दोन वर्षं होत्या, अगदी तोंडावर आहे बघा.

१० मार्च

तबकडी २१२. बाईचा दाटलेला आवाज, दुसऱ्या ओळीआधी बारीक खोकला. गाणं संपतं, ती श्वास घेते आणि गप्प होते. पाच वेळा ऐकलं. इतकं गायली आणि नावाला मुकली. कीव आली. म्हटलं, नसेल तर माझं घे बाई. रजिस्टरमध्ये पेन्सिलने ‘शकु’ लिहिलं. उद्या खोडेन.

११ मार्च

२१२ पुन्हा लावली. श्वासानंतर ती स्पष्ट म्हणाली, माझं नाव शकु.

मिहिरभाईंनीही ऐकलं. खूश झाले. म्हणाले, होतं की नाव, मावशी, तुमच्या कानात बोळा होता काय!

१३ मार्च

प्रियंकाचा फोन आला. माझा आवाज ऐकून म्हणाली, कोण बोलतंय? आईला द्या ना. पोटची मुलगी. शेजारच्या शांताबाई दारात ‘अगं’ म्हणाल्या आणि अडकल्या. वाट लागली माझ्या डोक्याची, म्हणून हसल्या. मिहिरभाई आता मला ह्यांच्या नावाने, दशरथभाऊंची मिसेस म्हणतात.

१४ मार्च

ह्यांचा निरोप लावला. आधी नुसता श्वास. मग, कोथिंबीर आणू का गं?

सेकंद सातच आहेत. हाक नाही.

१५ मार्च

रजिस्टरमधलं नाव खोडत बसले. रबर संपलं. पेन्सिलचीच अक्षरं, तरी जात नाहीत —

या वहीचं पहिलं पान वाचलं. ते नाव कुणा परकीचं वाटतं.

१७ मार्च

तोच खोकला आणखी तीन तबकड्यांवर सापडला. आवाज एकच. शेवटी नाव दर वेळी वेगळं. एकीवर, चेतना. चेतनाची नोंद त्या सुरेख अक्षरात, बाकी दोन आणखी वेगळ्या हातांच्या. सही एकीलाही नाही.

आधीच्या बाई चेतना होत्या का, विचारलं. छे, म्हणाले, चेतना तर ती गाणारी —

१८ मार्च

२१२ फोडायला उचलली. पण आता ते नाव फक्त तिच्यातच आहे. फोडलं तर ह्यांनी मला कधी हाक —

खाली ठेवली.

१९ मार्च

आज सकाळी कामावर गेले. २१२ लावली. शेजारी फोन ठेवला. तिने नाव सांगितलं, त्याच क्षणी निरोप सुरू केला. नाव तिच्याकडून, बाकीचं ह्यांच्याकडून. एकदा पुरं ऐकायचं होतं, एवढंच.

ह्यांनी विचारलं, कोथिंबीर आणू का गं?

मी तोंड उघडायच्या आत तबकडीतून ती म्हणाली, आणा हो, मी वाट ब—