दोनदा दुमडलेली चकती

४ नोव्हेंबर, सोमवार
संताप! पुढच्या आठवड्यात व्हिएतनामहून बाई येतेय, माझं काम शिकायला. मीच शिकवायचं! मॅनेजर हर्षदसाहेब हसत म्हणाले, "हेमाताई, तुमच्या हाताला तोड नाही." म्हणून हातच उचलून नेताय होय?

६ नोव्हेंबर
जपान्यांनी आमचा कारखाना घेतला तेव्हा केवढे पेढे वाटले! परदेशी गुंतवणूक आली म्हणे. राणी माशाचा लगदा आम्ही करायचा, तो त्यांच्याच थायलंडच्या कारखान्यात जायचा, तिथे त्याच्या नकली खेकड्याच्या कांड्या, त्या जपानात विकायच्या. ह्या खिशातून त्या खिशात — आणि पेपरात काय, तर रत्नागिरीची निर्यात वाढली!

आता व्हिएतनामला नवा कारखाना काढलाय. मासा आपल्या मिरकरवाडा बंदरातलाच, पण अख्खा गोठवून जाणार. लगदा तिकडे. मग आमच्या लाइनवरच्या बेचाळीस बायका? हर्षदसाहेबांना विचारलं. "बघू," म्हणाले.

११ नोव्हेंबर
आली. नाव लान. माझ्या लेकीच्या, रुचिराच्या वयाची.

लगद्याची उकडलेली चकती दुमडायची, परत दुमडायची. चीर गेली नाही तर पहिला दर्जा. एवढं दाखवलं. खरी गोम धुण्यात — लगदा बोटांतून निसटायला लागला की पाणी थांबवायचं. ते नाही दाखवलं! दाखवणारही नाही.

माझी आत्या, भागूबाई, शेजारच्या टेबलावर मासे साफ करते. मोठ्यांदा म्हणाली, "शिकव गो बाय, मंग सगल्याच घरात बसू!"

१९ नोव्हेंबर
लानची चकती रोज तडकते. मला बरं वाटतं. लाजबिज काही नाही.

२१ नोव्हेंबर
लान बर्फाच्या खोलीमागे रडत होती. उद्या परत जायचं. फोनवर भाषांतर करून दाखवलं — जमलं नाही तर नोकरी जाणार, घरी लहान मुलगी आहे.

शी! हिच्यावर कसला राग काढतेय मी? तिचा हात धरला, लगद्यात घातला. "इथे. इथे थांब!" कळलं तिला.

आत्याने ते पाहिलं, आणि दिवसभर माझ्याकडे पाठ करून मासे साफ केले.

२० जानेवारी
व्हिएतनामच्या पहिल्या लगद्याची गोठलेली लादी आली. तपासायला माझ्याकडेच! पहिला दर्जा निघाला तर मार्चपासून आमची लाइन बंद.

उकडली. कापली. दोनदा दुमडली. चीर नाही.

खोटं लिहिता आलं असतं. पेन धरून उभी राहिले. मग "पहिला" लिहिलं, सही केली आणि चकती आत्याकडे नेली.

तिने दुमडून पाहिली. परत दुमडली.

"तुजाच हात हाय गो ह्यो," म्हणाली.