ठिपका आणि रेघ

प्रिय मास्तर,

सात वर्षांनी माझं अक्षर बघताय. अजून तसंच आहे, कोंबडीनं पाय दिल्यासारखं. सध्या एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहतो. त्याआधी गोदीत होतो, त्याच्याही आधी सर्कशीचे तंबू ठोकायचो, तिथल्या उंटानं माझी टोपी खाल्ली... जाऊ दे, भरकटलो. तुम्ही असता तर टेबलावर पेन्सिल ठोकली असती. त्या आवाजाची फार आठवण येते. तुमच्या कोटाच्या खडूच्या वासाचीसुद्धा.

बेकरीवाल्या मावशींच्या मुलीला परीक्षेसाठी तुम्ही घरी येऊन मला शिकवलेली तीच कादंबरी आहे, जहाजावरच्या काळ्या आचाऱ्याची. मी ती वाचलीय म्हणालो मात्र, मावशींनी मला खुर्चीत बसवलंच. शाळा अर्धवट सोडलेला मी मास्तर झालो! शिकवतो तुमच्याच रीतीनं. माणसाआधी त्याचा रंग आला की समासात ठिपका, माणसानं स्वतःहून काही केलं की रेघ. मी तेव्हा फक्त शिव्यांवर ठिपके दिले होते. तुम्ही म्हणालात, कौतुकावरही दे, लेखक या आचाऱ्याच्या खांद्यांची तारीफ करतो, नाव मात्र विचारत नाही. मग स्वतःचा काळा हात पुढे करून हसलात. मलाही लोक 'तसा असून चांगला' म्हणतात, म्हणालात.

पोरगी माझ्याहून हुशार निघाली. आचाऱ्यावर चोरीचा आळ येतो, खरं माहीत असलेला तरुण खलाशी गप्प बसतो आणि पुढे शंभर पानं झुरतो. मी म्हटलं, बघ, पात्र कसं बदलत गेलं. तिनं सगळी पानं उलटून पाहिली.

"दादा, हा नुसता झुरतोय. रेघ कुठाय?"

मास्तर, बाबांचं घड्याळ मीच नेलं होतं. हातातून पडून काच फुटली म्हणून गुपचूप दुरुस्तीला टाकलं होतं. असल्यांना घरात घ्यायलाच नको होतं, असं म्हणत बाबांनी तुम्हाला चोर ठरवून हाकललं, तेव्हा मी जिन्यावर उभा होतो, पावती खिशात घेऊन. जाताना तुम्ही वर बघितलंत. त्या नजरेपासून पळतोय, गावोगाव.

आज सकाळी बाबांना सगळं लिहून पत्र पेटीत टाकलं. मास्तरांबद्दल जिथे जिथे बोललात, तिथे तिथे जाऊन हे सांगा, असंही लिहिलं. त्यांनी नाही सांगितलं तर मी येऊन सांगेन. मग हे लिहायला बसलो. रेघ मारायची का, ते तुम्ही ठरवा. पेन्सिल तुमच्याकडेच आहे.

तुमचाच,
भटक्या