ग्रंथपालांचं नाक

चि. भाचीबाईस,

मामाचे मातीच्या हातांनी आशीर्वाद (कागदावरचे डाग त्याचेच आहेत, चहाचे नाहीत). तुझा खोकला गेला का? माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं मत मी विचारलेलं नाही.

तू लिहितेस की, सरांनी तुझी मातीची म्हातारी सगळ्या वर्गासमोर उचलून 'हिला जरा प्रसन्न कर' असं सांगितलं, आणि तू घरी येऊन सगळी हत्यारं माळ्यावर टाकलीस. आधी ती खाली काढ. मग पुढचं वाच.

काढलीस? आता ऐक. मागच्या वर्षी आमच्या वाचनालयानं दिवंगत ग्रंथपालांचा अर्धपुतळा करायचं काम मला दिलं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. अडतीस वर्षं ते त्या टेबलामागे बसले आणि एकदाही हसले नाहीत. उशिरा येणाऱ्याकडे चष्म्यावरून असे बघायचे, की माणूस अर्धवट वाचलेलं पुस्तकही परत करून मोकळा व्हायचा (मी स्वतः दोन केली). आणि नाक? आधी नाक दारातून आत यायचं, मग सावकाश ग्रंथपाल. मी ते तसंच केलं. समिती बघायला आली. अध्यक्ष म्हणाले, नाक थोडं कमी करा. केलं. उपाध्यक्षांना गाल बसल्यासारखे वाटले. भरले. चिटणीसबाईंना ओठांवर किंचित हसू हवं होतं. तेही आणलं, कुठून कुणास ठाऊक! महिनाभरानं माझ्यासमोर एक गुटगुटीत, गोड, कुणाचाच कुणी नसलेला गृहस्थ बसला होता आणि समिती त्याच्यावर बेहद्द खूश होती.

साचा काढायच्या आदल्या दिवशी ग्रंथपालांच्या पत्नी आल्या. समोर उभ्या राहिल्या, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आल्या आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "हे कोण?"

अगं, तोंड कुठे लपवू असं झालं मला. त्या गेल्यावर दार लावलं आणि पहिल्यांदा ते हसू खरवडून काढलं. गाल उतरवले. नाक वाढवलं, मूळच्यापेक्षा तसूभर जास्तच (सूड म्हणून). अनावरणाला पडदा सरकला आणि भरलेलं सभागृह एका क्षणात चिडीचूप झालं. प्रत्येकाला आपापलं पुस्तक आठवलं असावं. अध्यक्ष लालबुंद. पण त्या बाई पुढे आल्या, नाकावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "घरीसुद्धा अस्संच बघायचे." आणि रडता रडता हसायला लागल्या.

तेव्हा तुझ्या म्हातारीला प्रसन्न करू नकोस. तिला राग आलाय, येऊ दे. मान लुळी आहे असं कुणी म्हणालं, तर दहादा मोडून नीट कर, कुरकुर न करता. काम सुधारायला सांगणाऱ्याचं ऐकायचं. माणूसच बदलायला सांगणाऱ्याला पाणी विचारायचं आणि दारापर्यंत सोडायचं.

तुझा,
हट्टी मामा

ता. क. : हे पत्र तुझ्या बाबांनी लिहायला लावलं. 'तिचं हे खूळ जाईल असे चार शब्द लिहा' म्हणाले. चारपेक्षा थोडे जास्त झाले.

आणखी ता. क. : पुतळा सध्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहे. समिती त्याचं तोंड भिंतीकडे करते. बाई दर शनिवारी येऊन ते फिरवून ठेवतात.

शेवटचा ता. क. : शेजारच्या शिंपीणबाई समोर बसायला कबूल झाल्या आहेत. चेहरा म्हणजे साक्षात भांडण! पण माझा उजवा खांदा आखडलाय, एकट्यानं होत नाही. रविवारी जुने कपडे घालून ये. घरी विचारलं तर सांग, मामानं समजावायला बोलावलंय.